तुलाधाराचा काटा : दुकानात बसून मिळालेलं ज्ञान



आजचं चिंतन महाभारताच्या शांतिपर्वातलं आहे. शरशय्येवर पडलेले भीष्म युधिष्ठिराला धर्म समजावून सांगताहेत आणि त्या ओघात ते एक जुनी गोष्ट सांगतात. गोष्टीतला गुरू ऋषी नाही, राजा नाही, संन्यासीसुद्धा नाही. तो वाराणसीतला एक दुकानदार आहे. नाव तुलाधार. नावातच तराजू आहे.

तुमच्यापैकी बरेच जण मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत असतात. "दादा, सकाळी दहा मिनिटं जप होतो, मग दिवसभर ऑफिस, टार्गेट, क्लायंट. यात साधना कुठे बसवायची?" कोणी स्वतःचा छोटा धंदा सुरू केलाय, त्याला वाटतं की धंदा आणि भक्ती यांचं जमतच नाही. आजची गोष्ट खास तुमच्यासाठी आहे. चहा घेऊन बसा, जरा सावकाश वाचा.

गोष्ट अशी आहे

जाजली नावाचा एक ब्राह्मण तपस्वी होता. समुद्रकाठी त्याने घोर तप केलं. ऊन, पाऊस, थंडी सगळं अंगावर घेतलं. एकदा तर तो लाकडाच्या खांबासारखा इतका निश्चल उभा राहिला की पाखरांच्या एका जोडीने त्याच्या जटेत घरटं बांधलं. जाजलीच्या लक्षात आलं, पण तो हलला नाही. पाखरांनी अंडी घातली, पिल्लं झाली, पिल्लांना पंख फुटले. ती उडून जायची आणि संध्याकाळी परत यायची. मग काही दिवसांनी परत यायची. शेवटी महिना झाला तरी आली नाहीत, तेव्हा जाजली जागचा हलला.

इथपर्यंत सगळं थोर आहे. एका जिवाला त्रास होऊ नये म्हणून इतके दिवस हालचाल न करणं ही साधी गोष्ट नाही. पण पुढे काय झालं? जाजलीच्या मनात आलं, आपण सिद्ध झालो! दंड थोपटून तो मोठ्याने ओरडला की मला धर्म मिळाला. तेवढ्यात आकाशातून आवाज आला की बाबा रे, धर्माच्या बाबतीत तू वाराणसीच्या तुलाधाराची बरोबरी करू शकत नाहीस, आणि तो तुलाधारसुद्धा असं काही बोलत नाही.

विचार करा, जाजलीला काय वाटलं असेल! वर्षानुवर्षं तप केलं आणि वर कोण, तर एक वाणी!

तो तडक वाराणसीला गेला. तुलाधार दुकानात माल विकत बसला होता. जाजलीला बघून तो आनंदाने उठला, त्याचं स्वागत केलं, आणि म्हणाला की तू येणार हे मला ठाऊक होतं. जटेतल्या घरट्यापासून दंड थोपटण्यापर्यंत सगळी हकिगत त्यानेच जाजलीला सांगितली. जाजली थक्क झाला. त्याने विचारलं, अरे तू रस, सुगंधी द्रव्यं, औषधी, मुळं, फळं विकणारा माणूस, हे ज्ञान तुला मिळालं कुठून?

तुलाधाराने जे उत्तर दिलं त्यात मंत्र नाही, आसन नाही. मी माझ्या शब्दांत सांगतो. तो म्हणाला, कोणाला त्रास न देता, किंवा कमीत कमी त्रास देऊन जगता येईल असा उदरनिर्वाह हाच मोठा धर्म. मी मद्य विकत नाही. बाकीचा माल दुसऱ्यांकडून घेतो आणि कपट न करता विकतो. कोणाशी वैर नाही, कोणाची खुशामत नाही. माझा तराजू सगळ्यांसाठी सारखा आहे.

बस, एवढंच. यात आपल्या कामाच्या दिवसासाठी किती काय भरलंय ते आता एकेक करून बघूया.

पहिला धडा : तपाचासुद्धा पासंग लागतो

मराठीत आपण म्हणतो, "तो याच्या पासंगालाही पुरणार नाही." पासंग म्हणजे काय, हे आता किती जणांना माहीत आहे कोण जाणे. जुन्या तराजूची दोन पारडी रिकामी असतानाही कधी कधी एक बाजू किंचित खाली असायची. मग वरच्या बाजूला छोटासा तुकडा, एखादी लोखंडी चकती, कधी नुसता खडा बांधून दांडी सरळ करायचे. तो पासंग. माल चढवण्याआधी काटा स्वतः सरळ आहे ना, हे बघायचं काम त्याचं.

जाजलीकडे माल भरपूर होता. तपाचं वजन प्रचंड होतं. पण रिकामा काटाच एका बाजूला झुकलेला होता, 'मी'च्या बाजूला. त्यामुळे पुण्य टाकलं तरी पारडं त्याच बाजूला जात होतं. पाखरांसाठी दाखवलेली दयासुद्धा शेवटी 'बघा मी किती दयाळू' इथे येऊन पोचली.

आपलं काय वेगळं आहे? एकादशी केली, फोटो टाकला. गाथेचं पारायण केलं, स्टेटस ठेवलं. फोटो टाकू नका असं मी म्हणत नाही. पण टाकायच्या आधी एक क्षण काटा बघावा. रिकामा असताना तो सरळ उभा राहतो का?

आणि तुलाधाराचा मोठेपणा कशात? आकाशवाणी काय म्हणाली ते पुन्हा वाचा. तोसुद्धा असं बोलत नाही. म्हणजे ज्याला बोलायचा अधिकार होता, तो गप्प राहून गिऱ्हाइकाला माल देत होता.

दुसरा धडा : घ्यायचं आणि द्यायचं माप एकच

बाजारात 'काटा मारणे' हा शब्द आपल्याला चांगला माहीत आहे. ऊस कारखान्यावर गेला की शेतकरी आधी काट्याकडेच बघतो. त्यातून 'काटामारी' हा शब्द तर वर्तमानपत्रातही येतो. वजनात फसवणूक ही इतकी जुनी गोष्ट आहे की त्यासाठी आपल्याकडे कायदा आहे. वैध मापन कायदा, २००९. दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा दर १२ महिन्यांनी तपासून त्यावर शिक्का घ्यावा लागतो, आणि वजनांची तपासणी २४ महिन्यांनी करावी लागते. दुकानदार याला 'काटा पासिंग' म्हणतात.

मला यात एक गंमत वाटते. काटा मुद्दाम बिघडवला नाही तरीसुद्धा तपासावाच लागतो. कारण रोजच्या वापराने, धुळीने, आपटण्याने तो आपोआप थोडा सरकतो. मन तसंच आहे. कोणी एका दिवसात अप्रामाणिक होत नाही. रोज एक ग्रॅम सरकत जातं. म्हणून तर संतांनी नित्यनेम सांगितला. मनाचं पासिंग वर्षातून एकदा करून भागत नाही, ते रोजच करायला हवं.

आता तुलाधाराच्या 'सारखा तराजू' या शब्दाकडे या. आपल्याला वाटतं, मी काही किराणा विकत नाही, माझा काय संबंध? पण प्रत्येकाकडे दोन मापं असतात. एक घ्यायचं, एक द्यायचं.

माझंच उदाहरण देतो. सहा वर्षं आयटीत नोकरी केल्यावर मी आणि माझी बायको आता पुठ्ठ्याची खोकी, म्हणजे कोरुगेटेड बॉक्स बनवायचा छोटा कारखाना चालवतो. पाच माणसं, एक भाड्याची शेड. मोठ्या कंपन्यांकडून पैसे यायला नव्वद-नव्वद दिवस लागतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणी असलेल्या छोट्या पुरवठादाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याज लागतं, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, चक्रवाढीने. आम्हा छोट्या धंदेवाल्यांना हा कायदा तोंडपाठ असतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आम्ही तो एकमेकांना पाठवत असतो.

पण तो ४५ दिवसांचा आकडा मी जेव्हा मोठ्या कंपनीला ऐकवतो, तेव्हा माझा टेम्पोवाला, माझा डिंक पुरवणारा, माझ्या डाय बनवून देणारे काका यांना मी किती दिवसांनी पैसे देतो? तेही माझ्यासमोर तेवढेच छोटे आहेत, जेवढा मी त्या कंपनीसमोर. म्हणून आमच्या घरात सुरुवातीपासून एक नियम आहे, तो खरं तर बायकोने घातलाय. टेम्पोचे पैसे शनिवारी. वरून आले असोत वा नसोत. ती म्हणते, "आपल्याला थांबावं लागतं म्हणून त्यांनी थांबायचं, हा कुठला न्याय?" मी तिला गमतीने म्हणतो, तुलाधार तुझ्याकडे शिकवणीला आला असता.

नोकरी करणाऱ्यांनी हेच वेगळ्या मापाने बघावं. साहेबांच्या मेलला दोन मिनिटांत उत्तर आणि ज्युनिअरच्या मेसेजला दोन दिवस. स्वतःची डेडलाइन चुकली की 'परिस्थिती', दुसऱ्याची चुकली की 'बेजबाबदारपणा'. सोसायटीच्या वॉचमन काकांशी बोलतानाचा आवाज आणि मॅनेजरशी बोलतानाचा आवाज. ही सगळी दोन मापंच आहेत.

कोणी विचारेल, मग घाऊक गिऱ्हाइकाला कमी भाव द्यायचाच नाही का? तसं नाही. समान काटा म्हणजे सगळ्यांना एकच भाव असं नव्हे. साधी कसोटी अशी आहे की जो नियम तुम्ही एका गिऱ्हाइकाला लावता, तो दुसऱ्याच्या तोंडावर सांगता येतो का? "शंभर घेतले तर अमुक, हजार घेतले तर तमुक" हे फळ्यावर लिहिता येतं. "हा नवखा आहे, याला कळत नाही, याला जास्त लाव" हे लिहिता येत नाही. जे फळ्यावर लिहिता येत नाही, तिथे काटा झुकलाय असं समजावं.

तिसरा धडा : 'सर्वांशी मैत्री' म्हणजे कोणाशी?

तुलाधार म्हणतो की तो सर्व जिवांचा मित्र आहे. वाचायला गोड वाटतं. पण याची खरी किंमत मला मागच्या वर्षी कळली, ते सांगतो.

आमच्याकडे एक मोठं गिऱ्हाईक होतं. नाव नको. आमच्या उलाढालीचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांच्याकडून यायचा. पाच प्लायचं खोकं, म्हणजे तीन सपाट थर आणि मध्ये दोन नागमोडी थर. कागद १२० जीएसएमचा ठरलेला. एक दिवस त्यांच्या खरेदी विभागातला माणूस शेडवर आला. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग म्हणाला, "शेठ, वरचा थर १२० चाच ठेवा. आतले थर १०० चे टाका. बिल १२० चं. फरक निम्मा तुमचा, निम्मा आमचा. कोण फाडून बघणार आहे?"

त्याचं म्हणणं एका अर्थी खरं होतं. बाहेरून बघून कोणालाच कळलं नसतं. खोकं तेच, छपाई तीच, रंग तोच. ही आमच्या धंद्यातली काटामारी. फक्त तराजू दिसत नाही एवढंच.

त्या रात्री मी आणि बायको हिशेब मांडून बसलो. ही ऑर्डर गेली तर मशिनचा हप्ता कसा भरायचा? रविवारचा ओव्हरटाइम बंद होणार, म्हणजे पोरांच्या पगारात तेवढी घट. फसणार कोण, तर एक मोठी कंपनी, जिला शंभर-दोनशे रुपयांनी काही फरक पडत नाही. मनाने असे सगळे युक्तिवाद तयार ठेवलेले असतात, त्यासाठी वेगळा वकील लागत नाही.

मग बायको एक वाक्य बोलली. "पावसाळ्यात गोडाऊनमध्ये थप्पी लावतात ना, तेव्हा सगळ्यात खालचं खोकं कोण उचलतं?"

पुठ्ठा हवेतली ओल शोषतो. पावसाळ्यात त्याची ताकद कमी होते. आतला कागद हलका असेल तर थप्पीतलं खालचं खोकं आधी दबतं, मग थप्पी एका बाजूला कलते. आणि थप्पीशेजारी त्या वेळी उभा असतो तो हमाल. त्याला आम्ही कधी बघितलेलं नाही. त्याचं नाव कुठल्याच बिलावर नाही. या व्यवहारात निम्मा-निम्मा फरक वाटून घेणारे दोघे होते, पण त्याची किंमत मोजणारा तिसराच होता.

मला तेव्हा तुलाधाराचं 'सर्व जीव' कळलं. मैत्री समोर बसून चहा पिणाऱ्याशी सोपी असते. जो आपल्याला दिसत नाही, ज्याच्याकडून आपल्याला काही मिळणार नाही, पण आपल्या कामाचा भार ज्याच्या डोक्यावर येणार आहे, त्याला पारड्यात बसवणं म्हणजे सर्व जिवांशी मैत्री. तुम्ही कोड लिहीत असाल तर तो तुमचं ॲप वापरणारी कोणीतरी आजी आहे. तुम्ही औषधं विकत असाल तर तो रुग्ण आहे. तुम्ही लोन विकत असाल तर तो फॉर्मवरची बारीक अक्षरं न वाचता सही करणारा माणूस आहे.

आम्ही नाही म्हटलं. दोन महिन्यांत ऑर्डर बंद झाली.

चौथा धडा : धर्म हा सौदा नाही

आता इथे तुम्हाला वाटेल, मी पुढे सांगणार की मग देवाने दुप्पट मोठी ऑर्डर पाठवली. अशा गोष्टी आपण खूप ऐकतो, फॉरवर्डही करतो. आमच्याकडे तसं झालं नाही. नवी छोटी छोटी गिऱ्हाइकं शोधायला पाच-सहा महिने गेले. मिठाईवाले, एक मसाल्यांचा घरगुती धंदा, एक पणत्यांचे सेट पाठवणारी ताई. तरी तो तिसरा हिस्सा अजून पूर्ण भरलेला नाही. आमच्याकडचा एक मुलगा ओव्हरटाइमशिवाय भागेना म्हणून दुसऱ्या कारखान्यात गेला. त्याला तिथे लावून देण्यासाठी मी फोन केला, पण तो गेला हे खरं आहे. त्याच्या घरचा खर्च माझ्या तत्त्वामुळे आपोआप कमी झाला नव्हता.

हाच आक्षेप जाजलीनेही घेतला होता, बरं का. तुलाधार अहिंसेचं बोलायला लागला, तेव्हा जाजली म्हणाला की तू असं बोललास तर लोकांचं पोट कसं भरणार? शेती कशी चालणार? जग कसं चालणार? मला महाभारताचा हा प्रामाणिकपणा फार आवडतो. आक्षेप दाबून टाकलेला नाही. प्रश्न खरा आहे म्हणून तो ग्रंथात ठेवला आहे. आणि तुलाधारही असं सांगत नाही की माझ्यासारखं वाग, तुझा नफा वाढेल. तो लोभ सोडून, श्रद्धेने कर्म करायला सांगतो.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ४७ वा श्लोक तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. कर्मावर तुझा अधिकार, फळावर नाही. आपण तो परीक्षेचा निकाल लागला की आठवतो, म्हणजे समजूत घालायला. पण त्याची खरी जागा निकालानंतर नाही, निर्णयाच्या आधी आहे. फळ माझ्या हातात नाही हे आधीच मान्य असेल, तर मग 'प्रामाणिक राहून फायदा काय?' हा प्रश्नच उरत नाही. उरतो तो एवढाच प्रश्न, आत्ता माझ्या हातात असलेलं काम नीट होतंय का?

आणि फळावर हक्क नाही म्हणजे परिणामांकडे पाठ फिरवणं नव्हे. तोट्याचा भार कोणी उचलायचा, हे तर आपल्या हातात असतं ना? आम्ही दोघांनी ठरवलं की आधी आपल्या घरातून. सहा महिने घरखर्चासाठी कमी पैसे काढले, पोरांचे मूळ पगार वेळेवर दिले. धर्माने वागायचं आणि त्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडायचं, हीसुद्धा एक काटामारीच झाली असती.

आपल्याकडचा तुलाधार

ही गोष्ट वाचताना मला हमखास देहू आठवतं. तुकाराम महाराजांना आपण जगद्गुरू म्हणून डोक्यावर घेतो, पण ते व्यवसायाने वाणी होते, घरी महाजनकी होती, सावकारी होती, हे पटकन विसरतो. वडील बोल्होबा. थोरला भाऊ सावजी विरक्त होऊन घराबाहेर पडला, आणि संसार-धंद्याचा भार लहान वयात तुकोबांवर आला. मग १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. धंदा बुडाला, पहिली पत्नी गेली, मुलगा गेला. एखाद्याच्या आयुष्याचा ताळेबंद याहून वाईट काय असणार?

आणि त्यानंतर त्यांनी काय केलं? परंपरा सांगते की कर्जदारांची खतं त्यांनी बाहेर काढली. धाकटा भाऊ कान्होबा याला त्याचा निम्मा वाटा दिला, कारण त्यावर त्याचा हक्क होता. आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडून दिली.

यातल्या निम्म्या वाट्याकडे आपलं लक्ष जात नाही. नदीत टाकणं सगळ्यांना आठवतं. पण वैराग्याच्या भरात भावाचा वाटासुद्धा बुडवला असता, तर तो त्याग ठरला असता का? तुकोबांनी आधी काटा सरळ धरला, ज्याचं त्याला दिलं, आणि मग जे स्वतःचं होतं तेवढंच सोडलं. मला यात तुलाधारच दिसतो. दुष्काळाने पिचलेल्या कुळांकडून वसुली करायची नाही हा निर्णय घेणारा सावकार आणि पुढे भंडारा डोंगरावर नामात रंगणारा भक्त हा एकच माणूस आहे. पहिला मेला आणि दुसरा जन्मला असं नाही.

आणि आपली वारकरी परंपराच बघा ना. तेरचे गोरोबाकाका माती तुडवायचे, अरणचे सावता महाराज मळा सांभाळायचे, नरहरी सोनार दागिने घडवायचे, सेना महाराज न्हावीकाम करायचे. यांना देव कामाच्या वेळात भेटला. गीतेचा अठरावा अध्यायही हेच सांगतो, की आपल्या वाट्याच्या कर्मानेच त्याची पूजा करावी आणि माणूस सिद्धीला पोचतो.

एक सावधगिरी

इथे मला जरा थांबून एक सांगायचंय, कारण 'काम हीच पूजा' या वाक्याचा आजकाल फार गैरवापर होतो. काही ठिकाणी रात्री अकरापर्यंत थांबवून घ्यायलाही हेच वाक्य वापरतात. तुलाधाराच्या गोष्टीचा तो अर्थ नाही. त्याचं काम पूजा झालं ते त्याने जास्त तास दुकान उघडं ठेवलं म्हणून नाही. उलट त्याने आपल्या कामाला कुंपण घातलं होतं. काय विकणार नाही, हे त्याचं पक्कं होतं. ज्या कामात 'नाही' म्हणायची एकही जागा शिल्लक नाही, ते काम पूजा व्हायला फार कठीण.

म्हणून आपल्या नोकरीत, धंद्यात एक यादी करावी. मोठी नको, दोन-तीन ओळींची. हे मी करणार नाही. ती यादी शांत दिवशी करावी, कारण चहा पिऊन झाल्यावर समोरचा प्रस्ताव ठेवतो तेव्हा यादी करायला वेळ नसतो. तेव्हा फक्त आधी केलेली यादी आठवायची असते.

आजचा छोटा अभ्यास

आजपासून सात दिवस एवढंच करून बघूया.

१. सकाळी काम सुरू करण्याआधी, लॅपटॉप उघडण्याआधी किंवा शटर वर करण्याआधी, तीन वेळा नाम घ्या आणि मनात म्हणा, काटा सरळ असू दे.

२. दिवसात एकदा तरी स्वतःला विचारा, माझ्या या कामाचा भार शेवटी कोणाच्या डोक्यावर येणार आहे? त्या न दिसणाऱ्या माणसाला एक क्षण डोळ्यांसमोर आणा.

३. कोणाचे पैसे, कोणाचं उत्तर, कोणाचे आभार तुमच्याकडे अडकलेत ते बघा. त्यातली एक गोष्ट आज मोकळी करा. शक्यतो सगळ्यात छोट्या माणसाची.

४. रात्री झोपताना पासिंग. आज कुठे दोन मापं वापरली? स्वतःला मारत बसू नका, फक्त बघा. दिसलं की अर्धं काम झालं, बाकीचं उद्या सकाळी.

गोष्टीच्या शेवटी जाजलीने तुलाधाराला गुरू मानलं आणि त्याचं मन शांत झालं. भीष्म सांगतात की पुढे दोघेही उत्तम गतीला गेले. तप करणाराही आणि दुकानदारही. पण जाजलीला तिथे पोचायला एकदा बाजारात यावं लागलं, दुकानाच्या पायरीशी उभं राहावं लागलं, आणि माल मोजणाऱ्या माणसाकडून शिकावं लागलं. आपल्याला तर बाजारात यायचीही गरज नाही. आपण तिथेच आहोत, रोज सकाळी नऊ ते रात्री आठ.

हे पांडुरंगा, आमच्या हातात तू जो काही तराजू दिला आहेस, कोणाच्या हातात कीबोर्ड असेल, कोणाच्या हातात स्टिअरिंग, कोणाच्या हातात खडू, तो रिकामा असताना सरळ राहू दे. त्यात तुझं दिसणारं आणि न दिसणारं प्रत्येक लेकरू सारखंच तोललं जाऊ दे. आणि जेव्हा नुकसान होईल, तेव्हा ते दुसऱ्याच्या पारड्यात ढकलायची बुद्धी आम्हाला होऊ नये, एवढीच आजची मागणी.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥